जामीनदार नसलेलं कर्ज

लेकीनं कॉलेजसाठी इथे इंग्लंडमध्ये सरकारकडून कर्ज घेतलंय, हे मी कोरेगावला फोनवर सांगितलं तेव्हा आबांनी रक्कम विचारलीच नाही. त्यांचा पहिला प्रश्न, "जामीन कोण ऱ्हायलंय?" कुणीच नाही म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग ओढ्याकडचं वीस गुंठं काढू की. पोरीच्या नावावर बोजा नको."

आबांचं कॉलेज साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात झालं, 'कमवा आणि शिका'मधून. सकाळी बागेला पाणी, खुरपणी, मग वर्ग. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव अण्णांनी, पोरांची चूल पेटती राहावी म्हणून अंगावरचे दागिने मोडणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी जी वाट पाडली, त्या वाटेनं आलेला माणूस. शिक्षणासाठी घाम गाळायचा हे त्यांना पटतं, कर्ज काढायचं हे नाही. त्यात माझ्या पुतण्याच्या इंजिनिअरिंगला त्यांनी बँकेचं कर्ज जवळून पाहिलंय. वडील सहकर्जदार, साडेसात लाखांच्या वर रक्कम गेली म्हणून जमिनीचं तारण, सातबाऱ्यावर बोजा. कोर्स संपून एक वर्ष झालं की हप्ता सुरू. पोराला नोकरी लागली की नाही, हे बँक विचारत बसत नाही.

इंग्लंडमधलं कर्ज याच्या अगदी उलट्या टोकाचं आहे, आणि ते आबांना समजावताना मलाही पहिल्यांदा नीट समजलं.

त्याचे दोन भाग असतात. फीचं कर्ज मुलांच्या हातात येतच नाही, थेट युनिव्हर्सिटीकडे जातं. २०२५-२६ साठी फीची मर्यादा वर्षाला ९,५३५ पौंड आहे. दुसरा भाग राहण्याखाण्याचा. तो टर्मच्या सुरुवातीला मुलांच्या खात्यात पडतो, पण किती पडणार हे आईबापाच्या उत्पन्नावर ठरतं. लंडनबाहेर घरापासून लांब राहणाऱ्याला जास्तीत जास्त १०,५४४ पौंड. आम्ही दोघं कमावतो, त्यामुळे आमच्या लेकीला त्याच्या निम्म्याहून कमी मिळतात. उरलेलं आम्ही घालतो. म्हणजे सरकार न बोलता आईबापाकडूनही वर्गणी काढतंच. तीन वर्षांत तिच्या नावावर पंचेचाळीस हजार पौंडांच्या आसपास होतील. रुपयांत पन्नास लाखांच्या वर. हा आकडा मी आबांना सांगितलेला नाही.

सांगायची गरजही नाही, कारण इथे हप्ता कर्जाच्या रकमेवर ठरत नाही, पगारावर ठरतो. ऑगस्ट २०२३ नंतर कोर्स सुरू केलेल्यांसाठी नियम असा की वर्षाला २५,००० पौंडांपर्यंतच्या पगारातून काहीच कापत नाहीत. त्याच्या वरच्या रकमेतून नऊ टक्के. लेकीला शिक्षिका व्हायचंय. लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा पगार सध्या ३२,९१६ पौंड आहे. म्हणजे महिन्याला साधारण एकोणसाठ पौंड, तेही आयकरासारखे पगारातूनच वळते. बँकेत जाणं नाही, नोटीस नाही. नोकरी गेली किंवा पगार घसरला तर कपात आपोआप बंद. चाळीस वर्षांनी जे काही उरलं असेल ते माफ. माणूस गेला तर कर्जही गेलं, घरच्यांच्या दारात कुणी येत नाही. मात्र देश सोडून गेलं म्हणून सुटका नाही. ग्लासगोच्या स्टुडंट लोन्स कंपनीला उत्पन्न कळवावं लागतं, आणि तिथेही कमाईप्रमाणे वसुली चालूच.

आता व्याजाचं. पहिला पैसा पडल्या दिवसापासून ते चढतं, शिकत असतानाही. दर महागाईइतका, सध्या ३.२ टक्के. पंचेचाळीस हजारांवर वर्षाचं व्याज होतं १,४४० पौंड. पगार ४१,००० च्या वर गेला तरच कपात तेवढी होते. तोवर दर महिन्याला पैसे कापले जाऊनही बाकी वाढतच राहते. इथले मराठी आईबाप नेमके या वाढत्या बाकीलाच घाबरतात आणि घरासाठी साठवलेले पैसे मुलांच्या फीत ओततात. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी यावर हमखास वाद रंगतो, आरती मागे पडते.

माझं मत विचाराल तर पोरगं बँकिंगमध्ये किंवा मोठ्या वकिली फर्ममध्ये जाणार असेल, सुरुवातीपासून दणकून कमावणार असेल, तर ते सगळं कर्ज तसंही फेडणारच. आईबापाकडे पैसे पडून असतील तर आधी भरून व्याज वाचवावं. शिक्षिका, नर्स, सोशल वर्कर होणाऱ्यांनी तो पैसा घराच्या डिपॉझिटला ठेवावा. बाकी किती आहे ते बघायचंच नाही, पगारातून किती जातं तेवढं बघायचं.

ही व्यवस्था फार न्यायाची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. १९९८ पर्यंत इथे फीच नव्हती. गरीब घरच्या मुलांना राहण्याखाण्याचं अनुदान मिळायचं, ते २०१६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद करून त्याजागी कर्ज दिलं. परिणाम असा की ज्याच्या घरी कमी, त्याच्या नावावर जास्त. २०२३ च्या लगेच आधीच्या तुकड्यांना माफी तीस वर्षांनी होती, ती चाळीसवर नेली. मधल्या पगाराच्या माणसाला हा फटका साठीपर्यंत पुरतो.

सातारा-सांगलीकडून मला मेसेज येतात, "तिकडे सरकारच कर्ज देतं ना, मग आमच्या पोराला पण बघा की." नाही देत. त्यासाठी इथे कायम राहण्याचा हक्क आणि मागची तीन वर्षं इथे वास्तव्य लागतं. स्टुडंट व्हिसावर येणाऱ्याला फी परदेशी दरानं, आणि कर्ज आपल्याकडच्या बँकेचं, म्हणजे आबांना माहीत असलेलंच. टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं; त्यात भाडं आणि किराणा निघाला तरी पुष्कळ, फी निघत नाही. मास्टर्सनंतर नोकरी शोधायला सध्या दोन वर्षांचा व्हिसा मिळतो, पण जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष. बँकेची सवलत कोर्सनंतर एक वर्ष. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा व्हिसाचे जेमतेम सहा महिने उरलेले असतील, आणि हा हप्ता पगार बघून ठरलेला नसेल.