आमची वाटचाल : माणसं मोजण्याआधी भिंत बघतो

साताऱ्यात आम्ही सुरुवात केली ती मजुरीच्या गवंडीकामावर. माल मालकाचा, माणसं आमची. सकाळी नाक्यावरून बिगारी आणायचे आणि काम चालू करायचं. एका वेळी दोन-तीन साइट सुरू झाल्या, तेव्हा कोणाला कुठं लावायचं हेच मुख्य काम होऊन बसलं. आजही माझा सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो.

काम मागं पडलं की मालक म्हणतात, "माणसं वाढवा." पण वीटबांधकाम एका दिवसात दीड मीटरच्या वर चढवू नये. ओल्या मसाल्यावर भार आला की थर दबतात, भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, राहत नाही. दहा फुटी भिंतीला दोन दिवस लागणारच, गवंडी कितीही लावा. म्हणून आधी जागा बघतो. आज पुढच्या खोल्यांचा खालचा टप्पा, उद्या मागच्या खोल्यांचा, परवा परांची, म्हणजे उंचावर काम करायचा माचा, बांधून पुन्हा पुढं. गवंडी रिकामा राहत नाही, भिंतीलाही सवड मिळते. खाली असताना गवंड्यामागे एक बिगारी पुरतो. परांचीवर विटा आणि घमेली चढवायची असतात, तिथं दोन गवंड्यांना तीन बिगारी देतो. सिमेंटचा मसाला आधीच कालवून ठेवता येत नाही, पाणी पडल्यापासून अर्ध्या तासात तो संपवावा लागतो. म्हणून हा तिसरा माणूस वाचवण्यात काहीच फायदा नाही.

कोपरे मात्र जुन्याच हातांनी उभे करायचे. कोपरा ओळंब्यात आणि थर लेव्हलला असला, की दोरी लावून मधली भिंत शिकाऊ गवंडीही नीट भरतो. एका टोळीत असा एक तरी कोपऱ्याचा माणूस हवाच, आणि जमलेली टोळी मी शक्यतो फोडत नाही.

वर्षाचं गणित सणांवर आणि शेतीवर चालतं. बीडकडची बरीच माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, बिहारची छठला आणि होळीला, जवळच्या गावांतली पेरणीला. त्यामुळे मोठ्या भिंती दिवाळीआधी उरकायच्या आणि पाऊस लागण्याआधी बाहेरचा गिलावा संपवायचा, असा बेत आम्ही धरतो.

हजेरीचं रजिस्टर आम्ही रोज भरतो. पगारासाठी ते लागतंच, पण बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. नाक्यावरच्या माणसाला तो कोण देणार? आमच्याकडच्या बायामाणसांनाही तो त्यांच्या स्वतःच्या नावानं मिळतो, याचा मला फार अभिमान आहे.

आता एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची, कामं वाढलीत. ब्लॉक मोठा, सांधा जेमतेम तीन मिलिमीटरचा, त्यामुळे पहिला थर चुकला तर वर सावरायला जागाच नाही. त्यासाठी वेगळी टोळी तयार करतोय, आणि तिच्यातही पहिला थर आमचे जुने कोपऱ्याचे गवंडीच लावतात.