मुप बेच्या आधी ऑस्मिंग्टन मिल्स

इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर तेलाच्या खुणा बघायला जाणार असाल, तर आधी ऑस्मिंग्टन मिल्स करा, मग मुप बे. आम्ही आधी मुपला गेलो आणि नेमकं काय शोधायचं हे न कळल्याने दोन तास वाया घालवले. दुसऱ्या दिवशी ऑस्मिंग्टन बघितलं आणि पुन्हा मुप गाठलं.

ऑस्मिंग्टनला किनाऱ्यालगतच्या कड्यात बेनक्लिफ ग्रिट हा सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म आहे. तेल मुरल्याने तो तपकिरी दिसतो, पण रंगावर विसंबू नका, लोह गंजूनही दगड असाच तपकिरी होतो. खाली पडलेला ठिसूळ तुकडा बोटांनी चुरडून हुंगा. डांबराचा वास आला की समजायचं! त्याच थरात मोठाले गोल दगड आहेत. त्यांच्या वाळूतल्या फटी कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाने बुजलेल्या, म्हणून तेल आत शिरलंच नाही. भोवतालच्या सच्छिद्र वाळूत मात्र ते मुरलं.

हे नाकाला कळलं की मुपला या. इथली वाळू वील्डन नावाच्या खडकसमूहातली, सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वीच्या नदीची, आणि तीही तेलाने माखलेली. पण तिच्यातले गोटे नीट बघा: तेही तेलाने घट्ट झालेल्या वाळूचेच आहेत. म्हणजे नदी वाहत होती तेव्हाच तेल खालून पृष्ठभागावर पाझरत होतं. त्याने चिकटलेली वाळू नदीने फोडली, तुकडे वाहून नेले आणि नव्या वाळूत पुरले. त्या वाळूतही पुढे तेल शिरलं. अभ्यासकांत यावर वाद झाले आहेत, पण तो गोटा समोर असताना मला तरी हाच अर्थ पटतो. तेलाचा उगम लायस शेल या खोलवरच्या, आणखी जुन्या चिखलाच्या खडकात मानतात. पूर्वेकडच्या विच फार्म या मोठ्या तेलक्षेत्राचं तेलही तिथलंच.

मुप बे लष्कराच्या गोळीबार क्षेत्रात येतं. वाट बहुतेक शनिवार-रविवारी खुली असते, तरी निघण्यापूर्वी वेळापत्रक बघाच. लाल निशाण दिसलं तर परत फिरा, आणि पिवळ्या खुंट्यांच्या बाहेर पाऊल टाकू नका. न फुटलेले तोफगोळे असू शकतात. ललवर्थ कोव्हहून चालत जाता येतं. खाली उतरायची वाट उभी आहे, पकड असलेले बूट हवेत. दोन्ही ठिकाणी ओहोटी सुरू होतानाच पोहोचा. कड्यावर हातोडा चालवू नका, तेल बघायला पायाशी पडलेले तुकडे पुरतात. जुना रुमाल मात्र जवळ ठेवा, बोटांचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही.