मंडईचं नाटक, मोबाइलची फाइल आणि जुने डीव्हीडी प्लेयर: चाचण्यांची नोंदवही

आजची स्थिती आधी सांगतो. मंडईतल्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या, नाटकाचं मोबाइलवर घेतलेलं चित्रण वस्तीतल्या बहुतेक जुन्या डीव्हीडी प्लेयरवर चालायला लागलं आहे, पेन ड्राइव्हवरूनही आणि डिस्कवरूनही. एक प्लेयर अजून हट्टाला पेटलेला आहे. त्याचं शेवटी.

आमच्या वडसा-ब्रह्मपुरीकडच्या पट्ट्यात दिवाळी झाली की मंडया भरतात आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडशाच्या व्यावसायिक नाटक कंपन्यांची नाटकं वेगळी. हे गावातल्याच हौशी पोरांचं, रात्री सुरू होऊन पहाटे संपणारं, पाचेक तासांचं नाटक. ज्यांना ते पुन्हा पाहायचं आहे त्यांच्या घरी डबा टीव्ही आणि त्याखाली यूएसबीचं भोक असलेला प्लेयर. मोबाइलवर पाहा म्हटलं तर शेजारचे आबाजी म्हणतात, "त्यात तोंडच ओळखू नाही येत जी, कोन राजा न कोन शिपाई."

पहिली तक्रारही त्यांचीच. "आवाज येते, चित्र काऊन नाही?" ही तक्रार ऐकून मला आनंद झाला, कारण तिच्यात अर्धं निदान असतं. "चालत नाही" एवढंच कोणी म्हणालं तर मी आधी विचारतो: यादीत नाव दिसतं का? नाव दिसून फाइल नाकारली जाते का? चित्र आहे आणि आवाज नाही, की उलट? अडखळत चालते, की पहिली दहा मिनिटं नीट चालून मग ओठ आणि आवाज वेगळे पडतात? प्रत्येकाचं दुखणं वेगळ्या जागी असतं.

एव्हीआय किंवा एमपी४ हा फाइलचा प्रकार म्हणजे नुसतं पोतं आहे. पोत्यावरचं नाव वाचून आत धान आहे की तूर ते कळत नाही. आबाजींच्या पेन ड्राइव्हवरच्या फाइलचं नाव एव्हीआय होतं, पण आतलं चित्र एच.२६४ या चित्र दाबून लहान करायच्या पद्धतीचं आणि आवाज एमपी३ चा. कुठल्याशा ॲपने मोबाइलची फाइल 'कन्व्हर्ट' करून दिली होती. प्लेयरला एमपी३ समजतो, म्हणून आवाज सुरू. एच.२६४ सोडवायचं त्याच्या चिपमध्ये सर्किटच नाही, म्हणून पडदा काळा. फाइलच्या नावाचं शेपूट बदलून काही होत नाही, हे सांगून सांगून तोंड दुखलं. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका, फाइल त्यात ओढा, आत काय आहे ते मिनिटभरात कळतं.

या स्वस्त प्लेयरांपैकी कित्येकांत मीडियाटेकची एमटी१३८९ किंवा तिच्या जातीची चिप असते. वरचं नाव कोणतंही असो, झाकण उघडलं की आत ओळखीचा चेहरा. ती एमपीईजी-१, एमपीईजी-२ आणि एमपीईजी-४ चा जुना प्रकार सोडवते, म्हणजे आपण ज्याला डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड म्हणतो तो. एच.२६४ चं मानक २००३ चं, त्याच्या पुढच्या एचईव्हीसीचं २०१३ चं. मोबाइल यांतलंच काहीतरी लिहितो, तेही १९२० बाय १०८० मध्ये. प्लेयरची धाव ७२० बाय ५७६ पर्यंत. तेव्हा फाइल नव्याने बांधण्याला पर्याय नाही. फर्मवेअर (प्लेयरच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून हे प्लेयर एच.२६४ वाचायला लागतील असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

चाचणीसाठी नाटकातला एकच मिनिटभराचा तुकडा घेतला. त्यात अर्धा मिनिट लावणीचा नाच आणि अर्धा मिनिट संवाद. नाचात अडखळणं दिसतं, संवादात ओठ-आवाजाचा मेळ कळतो. त्या तुकड्याच्या अनेक आवृत्त्या केल्या आणि प्रत्येकीत फक्त एकच गोष्ट बदलली. फाइलच्या नावात तीच गोष्ट लिहिली, इंग्रजी अक्षरांत आणि आठ अक्षरांच्या आत, कारण देवनागरी नावाच्या जागी या प्लेयरांवर चौकोन किंवा आडव्या रेघा दिसतात. पेन ड्राइव्ह घेऊन घरोघरी फिरलो. चहा फार झाला.

एक्सव्हिडमधली 'क्वार्टर पिक्सेल' ही हालचाल पाव पिक्सेलपर्यंत मोजायची सोय चालू केली की काही प्लेयरवर चित्र चौकटी-चौकटींनी फाटतं. अख्ख्या चित्राची हालचाल एकदम मोजणाऱ्या 'ग्लोबल मोशन कॉम्पेन्सेशन'चं तेच. डिव्हएक्स त्यात एकच वॉर्प पॉइंट (हालचाल मोजायचा संदर्भबिंदू) वापरतो, एक्सव्हिड तीन, आणि तीनचा हिशेब या चिपना झेपत नाही. या दोन्ही सोयी कायमच्या बंद. बी-फ्रेम, म्हणजे आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून बेतलेल्या फ्रेम, मात्र चालतात, पण सलग दोनपेक्षा जास्त नको. 'पॅक्ड बिटस्ट्रीम' हा कपटी प्रकार आहे. त्यात एव्हीआयच्या एकाच कप्प्यात दोन फ्रेम कोंबलेल्या असतात, संगणकावर काही जाणवत नाही, प्लेयरवर मात्र गाडी खड्ड्यातून गेल्यासारखं चित्र हिसके खातं. एफएफएमपेग या मोफत साधनात ते उलगडायचा फिल्टर आहे, त्यासाठी सगळी फाइल पुन्हा बांधावी लागत नाही.

फाइलच्या माथ्यावर चार अक्षरी खूण असते, तीही पाहा. एफएफएमपेग स्वतःहून एफएमपी४ (FMP4) अशी खूण टाकतं. काही प्लेयर ती पाहूनच फाइल नाकारतात, आत सगळं बरोबर असूनही. त्या जागी एक्सव्हीआयडी (XVID) अशी खूण द्यायची. नाकारलेली फाइल एवढ्यानेच चालू झालेली मी पाहिली आहे, आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वात आवडलेली दुरुस्ती हीच.

चित्राचं माप ७२० बाय ४०० ठेवलं. दोन्ही आकडे १६ ने भागले जातात, ते या चिपना मानवतं, आणि मोबाइलच्या आडव्या चित्राचं प्रमाणही जवळपास राखलं जातं. पात्रांची नावं चित्रातच छापली, कारण देवनागरी उपशीर्षकांची वेगळी फाइल दिली तर पडद्यावर कचरा उमटतो.

आवाज मोबाइलमधून एएसी प्रकारात येतो, तो एव्हीआयमध्ये ठेवू नका. एमपी३, १२८ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारे बिट, स्थिर. बदलत्या बिटरेटचा एमपी३ एव्हीआयमध्ये घातला की काही प्लेयर हिशेब चुकतात आणि आवाज हळूहळू मागे पडतो. मागे पडण्याचं दुसरं कारण मोबाइल स्वतः. मंडपात उजेड कमी झाला की तो फ्रेम घेण्याचा वेग कमी-जास्त करतो. बांधणी करताना वेग स्थिर करून घ्या.

तो स्थिर वेग किती, यावर माझं आणि वडशाच्या एका मित्राचं अजून जमत नाही. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो, पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीला २५ लागतात. पाच फ्रेम गाळल्या की नाचात बारीक झटके दिसतात. तो म्हणतो एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीची २९.९७ ची डिस्क कर, ७२० बाय ४८०. पण फक्त पाल समजणाऱ्या डबा टीव्हीवर ती कृष्णधवल दिसते, प्लेयरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार पाल करून ठेवला नाही तर. ते सेटिंग रिमोटवरून शोधायचं कोणी? आणि कित्येक घरांत रिमोटच नाही. मी २५ वर ठाम आहे.

पेन ड्राइव्ह फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट केलेलाच हवा. एक्सफॅट आणि एनटीएफएस हे प्रकार या प्लेयरांपैकी बहुतेकांना दिसतच नाहीत. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्याय येत नाही, म्हणून छोटाच घ्या. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, पण मी त्या टोकाला जातच नाही. जुन्या एव्हीआयची अनुक्रमणिका लहान फाइलींसाठी होती, मोठ्या फाइलींची सोय नंतर जोडली गेली आणि ती सगळ्या प्लेयरांना कळत नाही. तासाभराचा तुकडा १२०० किलोबिट चित्र आणि १२८ आवाज या हिशेबाने ६०० एमबीच्या आसपास होतो. तो कुठेच अडत नाही, शिवाय ७०० एमबीच्या सीडीवरही मावतो.

डिस्कचा हिशेब वेगळा. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर पाच तास बसवायचे तर सगळं मिळून सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट वाट्याला येतात. ७२० बाय ५७६ च्या एमपीईजी-२ ला एवढ्यात नाच दाखवता येत नाही, हिरव्या-निळ्या दिव्यांत तर नाहीच. दोन डिस्क केल्या की ४ मेगाबिट मिळतात आणि चित्र स्वच्छ राहतं. एकच डिस्क हवी असेल तर ३५२ बाय ५७६ हे मापही डीव्हीडीच्या नियमात बसतं. आबाजींना दोन डिस्क दिल्या. मध्ये उठून बदलायला लागते म्हणून त्यांची कुरकुर नाही, नाटकात चहाची सुट्टी असतेच म्हणे.

कोणी तक्रार घेऊन आलं की मी आधी एखादी विकत घेतलेली जुनी डीव्हीडी लावून पाहतो. तीही अडली तर दोष लेन्सचा. धान चुरणीच्या दिवसांत अंगणातली धूळ प्लेयरमध्ये जातेच. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कापसाच्या काडीवर घेऊन हलक्या हाताने पुसायची, दाबायची नाही. विकतची चालते आणि आपली अडते, तर डिस्कचा दर्जा, लिहिण्याचा वेग किंवा ती फायनलाइझ केलेली, म्हणजे लिहून बंद केलेली, नसणं. डिस्क चालते आणि पेन ड्राइव्ह अडतो, तेव्हा कुठे फाइलकडे वळायचं. हाच क्रम पाळा, वेळ वाचतो.

आता तो हट्टी प्लेयर. यूएसबीवर फक्त गाणी आणि फोटो दाखवतो, एमपीईजी-४ ओळखतच नाही. डीव्हीडी घातली की 'नो डिस्क'. जुन्या व्हीसीडी मात्र सुरळीत वाजवतो. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा. यातला डीव्हीडीचा लेसर थकला असावा असा माझा अंदाज आहे. मालकाला नवा प्लेयर घ्यायचा नाही, आणि नुसतं पिकअप (लेसर आणि लेन्सचा भाग) बदलायला जुळणारा भाग आमच्या बाजारात मिळत नाही.

म्हणून त्याच्यासाठी व्हीसीडी करतो आहे: ३५२ बाय २८८, एमपीईजी-१, चित्राला ११५० किलोबिट, आवाज २२४ किलोबिटचा एमपी२ आणि ४४.१ किलोहर्ट्झ. हे आकडे मानकाचे आहेत, सुधारायला जाऊ नका. एका सीडीवर ८० मिनिटं, म्हणजे पाच तासांना चार सीडी. प्रवेश जिथे संपतो तिथेच कापायचं ठरवलं आहे, त्यामुळे तिसरी बहात्तरव्या मिनिटाला थांबते आणि चौथी काठोकाठ भरते. पहिल्या दोन लिहून झाल्या, त्याच्या प्लेयरवर चालल्या. उरलेल्या दोन वीज टिकली तर आज रात्री.