आप्पांच्या सातच्या बातम्या : जुन्या कॉम्प्युटरात ट्यूनर कार्ड बसवण्याचा माझा अनुभव

आप्पा संध्याकाळी सातच्या बातम्या सह्याद्रीवरच बघतात, आणि टीव्हीवरच बघतात. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीपासून जवळ. घराच्या धाब्यावर फ्री डिशची छत्री आहे, तिला महिन्याचे पैसे लागत नाहीत. पण हिवाळ्यात गव्हाला पाणी द्यायचं असतं. थ्री फेजची लाइट ज्या आठवड्यात संध्याकाळची असते, त्या आठवड्यात आप्पा सहालाच शेतात जातात. परत यायला नऊ वाजतात, तोवर बातम्या होऊन गेलेल्या असतात. मोबाइलवर लावून दिल्या तर गावात त्या वेळी नेट इतकं हळू असतं की चित्र अडकत अडकत चालतं. आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाला बाजेवर टेकून मोठ्या पडद्यावरच बघावंसं वाटणार.

आमच्या सेटटॉप बॉक्सला रेकॉर्डिंगची सोय नव्हती. मी नोकरीसाठी धुळ्यात असतो, तिथे माझा जुना डेस्कटॉप पडून होता. तो गावी आणून त्यात ट्यूनर कार्ड, म्हणजे छत्रीचा सिग्नल कॉम्प्युटरात घेणारं कार्ड, घालायचं आणि घरचाच एक छोटा टीव्ही सर्व्हर, म्हणजे बातम्या रेकॉर्ड करून टीव्हीला पुरवणारं मशीन, करायचं असं ठरवलं. दोन शनिवार-रविवार लागले.

कार्ड घेतानाच एक गोष्ट बघावी लागते. जुन्या बाजारात ‘टीव्ही ट्यूनर’ म्हणून मिळणारी कितीतरी कार्डं ॲनालॉग असतात. दूरदर्शनचे ॲनालॉग ट्रान्समीटर आता जवळपास सगळे बंद झालेत, त्यामुळे ती घेऊन उपयोग नाही. काही कार्डं डीव्हीबी-टीची असतात, म्हणजे जमिनीवरच्या डिजिटल ट्रान्समीटरसाठी. छत्रीची केबल ज्यात लावायची ते कार्ड डीव्हीबी-एस किंवा एस२, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलसाठीचं, असलं पाहिजे. दुसरं म्हणजे पैसे भरून बघायच्या डीटीएचची चॅनेलं कुलूपबंद असतात, अशा साध्या कार्डावर ती दिसत नाहीत. फ्री डिशवर मात्र बरीच चॅनेलं उघडी आहेत आणि सह्याद्री त्यांत आहे. माझं काम तेवढ्यानं भागणार होतं. मी एस२चं पीसीआय एक्सप्रेस कार्ड वापरलेलं घेतलं.

कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, कार्ड बसवलं, टीव्हीहेडएंड टाकलं. ट्यूनरकडून चॅनेलं घेऊन ती रेकॉर्ड करणारं आणि घरभर पुरवणारं हे सॉफ्टवेअर. ब्राउझरमध्ये ९९८१ पोर्टवर त्याचं पान उघडलं, पण ट्यूनरच्या यादीत काहीच नाही. कार्ड खराब निघालं असं वाटून मन खट्टू झालं. मग कर्नलचा लॉग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं लिहिलेली नोंद, वाचला. कार्ड ओळखलं गेलं होतं, पण त्यातल्या सिग्नल उलगडणाऱ्या डीमॉड्युलेटर चिपला लागणारी फर्मवेअरची (चिप चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) फाइल सिस्टीममध्ये नव्हती, आणि तिचं नाव लॉगमध्ये सरळ लिहिलेलं होतं. त्याच नावाची फाइल मिळवून फर्मवेअरच्या फोल्डरात ठेवली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि ट्यूनर यादीत आला. कार्ड दिसत नसेल तर ते परत करण्याआधी हा लॉग नक्की वाचा.

बॉक्स चालू ठेवून कार्डालाही सिग्नल द्यायचा होता. साध्या एलएनबीतून, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल घेणाऱ्या डब्यातून, एकच केबल निघते, म्हणून अमळनेरहून दोन तोंडांचा एलएनबी आणला. जुना काढून नवा लावला, एक केबल बॉक्सला आणि एक कार्डाला. बॉक्सवर चित्र आलं. छत्रीचं काम झालं असं समजून मी खाली उतरलो. ही समजूत पुढे महागात पडली.

टीव्हीहेडएंडमध्ये एक साखळी समजून घ्यावी लागते. ट्यूनर म्हणजे कार्ड. नेटवर्क म्हणजे कोणता उपग्रह, आपला जीसॅट-१५, पूर्वेला ९३.५ अंशांवर. त्या नेटवर्कमध्ये मक्स, म्हणजे एकेक फ्रिक्वेन्सी. प्रत्येक मक्समध्ये सर्व्हिसेस, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर सापडलेले एकेक प्रवाह, आणि सर्व्हिसेसमधून शेवटी टीव्हीवर दिसणारी चॅनेलं. यातली एक कडी सुटली तरी पुढे काहीच येत नाही, आणि कोणती सुटली ते पडद्यावर लिहून येत नाही.

मी नेटवर्क बनवलं, ट्यूनरला जोडलं, तयार यादीतून मक्स भरले आणि चॅनेलं शोधायचा स्कॅन लावला. सगळे फेल. यादी जुनी असेल म्हणून ती पुसली आणि ११०९० ही फ्रिक्वेन्सी हातानं भरली: लहर व्हर्टिकल (उभी), डेटाचा वेग म्हणजे सिम्बॉल रेट २९५००, चूक-दुरुस्तीचं प्रमाण म्हणजे एफईसी ३/४. तीही फेल. ११४७० भरली, फेल. रात्रीचे अकरा वाजले होते. मी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत होतो.

आप्पा त्या रात्री उशिरा पाणी देऊन आले, हातपाय धुतले आणि शेजारी बसले. मी सांगितलं की चॅनेलं येत नाहीत. त्यांना कॉम्प्युटरातलं काही कळत नाही, पण त्यांनी विचारलं ते नेमकं होतं. वाफ्यात पाणी येत नसेल तर तू वाफ्यात उभा राहून काय बघतोस? मोटारीपासून चालत ये, पाट कुठे फुटला ते दिसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तसंच केलं. स्कॅनच्या पानावरून उठून अगदी वरून सुरुवात केली. उपग्रहाकडून येणारी ११०९० मेगाहर्ट्झची लहर केबलमधून तशीच खाली येत नाही. एलएनबी तिच्यातून आपली एक ठरावीक फ्रिक्वेन्सी वजा करतो आणि उरलेली खाली पाठवतो. आपला एलएनबी ‘युनिव्हर्सल’ प्रकारचा, तो फ्रिक्वेन्सींच्या खालच्या पट्ट्यासाठी ९७५० वजा करतो. ११०९०मधून ९७५० गेले की १३४० उरतात, म्हणजे कार्डानं केबलमध्ये १३४०वर ऐकायला हवं. हा हिशोब कार्ड स्वतः करत नाही, एलएनबीचा प्रकार आपण जो सांगू त्यावरून सॉफ्टवेअर करतं. आणि मी त्या रकान्यात ‘स्टँडर्ड’ निवडलं होतं. आपला एलएनबी साधाच, मग स्टँडर्डच असणार, असं मला वाटलं होतं. पण टीव्हीहेडएंडमध्ये स्टँडर्ड म्हणजे १०००० वजा करणारा. त्यामुळे कार्ड १०९०वर कान लावून बसलं होतं आणि सिग्नल २५० मेगाहर्ट्झ पलीकडे होता.

रकान्यात ‘युनिव्हर्सल’ केलं, जतन केलं, स्कॅन लावला. अर्ध्या मिनिटात सर्व्हिसेसचा आकडा शून्यावरून वर चढायला लागला. मी मोठ्यानं ओरडलोच. माय चुलीपाशी भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, “काय व्हयनं रे?”

सह्याद्री लागलं, पण चित्र दर दोन-तीन मिनिटांनी चौकटी चौकटी होऊन फुटायचं. स्टेटसच्या पानावर सिग्नल-नॉइजचा, म्हणजे गोंगाटापेक्षा सिग्नल किती वरचढ याचा, आकडा ६ आणि ७ डीबीच्या मध्ये हलत होता. या प्रसारणाला निदान साडेपाच-सहा लागतात, म्हणजे आम्ही काठावर होतो. बॉक्सवर चित्र दिसत होतं म्हणून मी छत्रीवर संशयच घेतला नव्हता.

धाब्यावर गेलो. छत्रीची दिशा ठीक होती. आमच्या गावाहून हा उपग्रह आग्नेयेला, साधारण १३७ अंशांवर आणि क्षितिजापासून ५८ अंश वर येतो. मोबाइलच्या होकायंत्रावर ते जुळत होतं. चूक एलएनबीच्या मानेत होती. जुना एलएनबी आपल्या कड्यात तिरका फिरवून बसवलेला होता आणि मी नवा अगदी सरळ उभा बसवला होता, नीटनेटका दिसावा म्हणून. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला असता तर सरळ चाललं असतं. तो आपल्या खूप पूर्वेला आहे, त्यामुळे त्याची व्हर्टिकल लहर आपल्याकडे तिरकी होऊन पोहोचते. आमच्या भागासाठी हा तिरकेपणा ४० अंशांच्या आसपास निघतो. जुना काढण्याआधी एक फोटो काढून ठेवला असता तर हे काम दोन मिनिटांचं होतं.

कड्याचा स्क्रू सैल केला. एका हातात मोबाइल, त्यात टीव्हीहेडएंडचं स्टेटस पान उघडं, दुसऱ्या हातानं एलएनबी केसभर फिरवायचा, थांबायचं, आकडा बघायचा. ६.८. थोडं आणखी, ७.९. आणखी, ९.४. खालून आप्पा विचारत होते, “उनं का भो?” मी म्हणालो, येतंय, थांबा. ११.२ला आकडा टेकला, पुढे फिरवला की उतरायला लागला. तिथेच स्क्रू आवळला आणि कड्यावर रंगाची खूण करून ठेवली. त्यानंतर चित्र फुटलेलं नाही.

आता रेकॉर्डिंग. कार्यक्रमाच्या वेळापत्रकावर न विसंबता वेळेचा टायमर लावला: रोज १८:५५ ते १९:३५. रविवारी रात्री धुळ्याला निघालो. सोमवारी आप्पांचा फोन आला की टीव्हीवर काहीतरी भलतंच दिसतंय. लांबून जोडून बघितलं तर रेकॉर्डिंग मध्यरात्रीनंतर साडेबाराला झालेलं होतं. लिनक्स टाकताना मी टाइम झोन निवडलाच नव्हता, मशीन जागतिक वेळेवर चालत होतं, आणि त्याचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. झोन एशिया/कोलकाता केला, सर्व्हिस पुन्हा सुरू केली, संध्याकाळी बरोबर वेळेला लाल ठिपका लागला. अर्ध्या-पाऊण तासाला साधारण पाऊण जीबी जागा जाते. दहा दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जावं असं लावून ठेवलंय.

लाइट जाते-येते म्हणून बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आली की मशीन आपोआप सुरू व्हावं अशी सोय केली. खेड्यात हे करायलाच हवं, नाहीतर लाइट येते आणि मशीन बंदच राहतं.

आप्पांच्या टीव्हीला कोडी या प्लेअर-सॉफ्टवेअरचा छोटा बॉक्स लावला आहे. तो टीव्हीहेडएंडकडून चित्र जसंच्या तसं घेतो, त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवर भार येत नाही. मोबाइलवर बघण्यासाठी जेलीफिन हे दुसरं सॉफ्टवेअर ठेवलं. त्यात टीव्हीहेडएंडची चॅनेल-यादी लिंकनं जोडावी लागते, आणि युजरनेम-पासवर्ड बरोबर असूनही ती नाकारली जात होती. टीव्हीहेडएंडमध्ये ओळख पटवण्याची पद्धत ‘डायजेस्ट’ होती, म्हणजे पासवर्ड उघडा न पाठवणारी. ती बदलून पासवर्ड उघडा पाठवणारी साधी पद्धत लावल्यावर जुळलं. हे घरातल्या नेटवर्कपुरतंच करावं, बाहेर उघडं ठेवू नये.

पहिल्या दिवशी आप्पा साडेनऊला शेतातून आले. मी धुळ्याहून फोनवर सांगत होतो, कोणतं बटण दाबायचं. सातच्या बातम्यांचं संगीत मला फोनमधून ऐकू आलं. आप्पा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “कालन्या बातम्या बी दिसतस का?” दिसतात म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवून दिला, बघायला बसले असणार.

आता मायची मागणी आली आहे. तिला सकाळचं एक भजनाचं चॅनेल रेकॉर्ड करून हवं आहे. एका ट्यूनरला एका वेळी एकच मक्स धरता येतो. त्या मक्सवरची चॅनेलं कितीही एकदम रेकॉर्ड करता येतात, एका मक्समध्ये ४० एमबीपीएसच्या आसपास माल असतो आणि तो सगळा कार्डाकडे येतच असतो. पण मायचं चॅनेल दुसऱ्या मक्सवर आहे, आणि त्याच वेळी आप्पा टीव्हीवर सह्याद्री बघत असतात. जुना सेटटॉप बॉक्स आता कोणी लावत नाही, त्याची केबल मोकळी आहे. दुसऱ्या कार्डाच्या शोधात आहे, आणि या वेळी ते कोणत्या चिपचं आहे आणि त्याची फर्मवेअर फाइल कोणती, हे विचारूनच घेणार.