अजून तशीच आहे

सणाच्या सजावटीचं खोकं उघडलं तर तळाशी चमकीच चमकी. हाताला लागली, हातावरून गालाला, मग उशीच्या अभ्र्यावर. लेक म्हणाली, "आई, ही मागच्या वर्षीची ना? अजून तशीच आहे!"

तशीच. दुपारभर तो शब्द डोक्यातून जाईना.

ही चमकी म्हणजे बहुतेक वेळा पॉलिएस्टरची पातळ फिल्म आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर. कुजायचं नावच नाही. हात धुतले की मोरीतून थेट पाण्यात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच सूक्ष्म प्लॅस्टिकमुळे.

मग यंदा नवीन काहीच आणलं नाही. एलईडीच्या जुन्या माळा चालू आहेत, त्याच लावल्या. प्लॅस्टिकची फुलंही ठेवली. चांगली फुलं फेकून 'पर्यावरणपूरक' म्हणून दुसरी विकत आणणं मला पटत नाही. लेकीने रद्दीच्या कागदाच्या साखळ्या केल्या, जरा वाकड्यातिकड्या. भिंतीवर काय सुंदर दिसतायत!

तळातली चमकी मात्र ओल्या कापडाने टिपून एका बरणीत घट्ट बंद करून ठेवलीय. फेकायला हात धजत नाही. तुम्ही काय करता अशा चमकीचं?