‘कशावरून’ सर

आमच्या शाळेत सर आले तेव्हा त्यांच्या गाठीशी जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली, नोकरी होती, जळगावच्या एका छापखान्यातलं मुद्रितशोधन होतं आणि अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिर या संस्थेतला अभ्यास होता. घडलं या क्रमाने नव्हतं, पण ते सांगत याच क्रमाने. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची वजनं लिहायचं काम. ओल किती धरायची यावर शेतकरी आणि व्यापारी यांची रोज खडाजंगी. पुरावा म्हणजे काय ते आपण काट्यापाशी शिकलो, असं ते म्हणत.

श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ साली काढलेल्या त्या मंदिरात साने गुरुजीही अभ्यासाला होते. पुढे १९२४ ते १९३० ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले. सर हे अभिमानाने सांगत. मंदिराचा ओढा वेदान्ताकडे, सर मात्र पक्के न्यायवाले, म्हणजे तर्क आणि पुरावा यांचा विचार करणाऱ्या न्यायदर्शनाचे.

अकरावी कलाला तर्कशास्त्र आम्ही घेतलं ते पाठांतर कमी म्हणून. एसटी बंद पडली म्हणून उशीर झाला असं कुणी म्हटलं, की सर विचारत, “कशावरून भो?” नाव पडलं ते तिथे.

पण न्याय खरा कळला तो शेतातल्या भरीत पार्टीत. कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी टाकली होती. काड्या ओलसर, त्यामुळे धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. सर म्हणाले, “धूर दिसला की अग्नी आहेच. आता उलट म्हणता येईल का?” आम्ही एका सुरात हो म्हणालो. थोड्या वेळाने लालबुंद निखारे उरले, धुराचा पत्ता नाही. “अग्नी आहे ना? मग धूर कुठंय? धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं जळणही लागतं. या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, उपाधी म्हणतात.” मग वांगी सोलायला बसले आणि हिरवी मिरची किती यावर आमच्याशी हिरिरीने भांडले. त्या वादात मात्र त्यांच्याकडे कसलंच प्रमाण नव्हतं.

त्यांचं खरं वेड मोडी लिपीचं. सुट्टी लागली की धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जुने कागद उतरवून घ्यायचे. गावातले लोक आजोबांची खरेदीखतं घेऊन यायचे, सर फुकट वाचून द्यायचे. एकदा विहिरीच्या हिश्श्यावरून भांडणारे दोघं भाऊ आले. कागदात जे होतं ते दोघांनाही नको होतं. सरांनी अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं आणि वर चहा पाजला. माझ्या मते त्यांचा सगळ्यात चांगला तास तोच. वर्गातले बरेच तास, खरं सांगायचं तर, आमच्या डोक्यावरून जात.

मोडी शिकवण्यासाठी त्यांनी केलेली वही शाळेच्या वाचनालयात आहे, कडा झिजल्या आहेत. माजी विद्यार्थी संघाने ती स्कॅन करून घ्यावी. खर्चात माझा वाटा धरावा.