तुम्ही विचारलंत म्हणून : कैदेतली मैत्री खरोखर इतकी गोड होती का?

दुसऱ्या महायुद्धात कैद झालेल्या परिचारिकांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल मी नेहमी बोलत असते, त्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: छावणीतल्या बायकांची मैत्री या कादंबऱ्यांत रंगवतात तशी खरोखर होती, की लेखकांनी ती पदरची घातली आहे? माझे उत्तर असे, की मैत्री खरी होती, गोडवा मात्र बराचसा लेखकांचा आहे. गळ्यात गळा घालून रडणे कागदावर सोपे जाते. ती मैत्री प्रत्यक्षात कशाची बनलेली होती, हे दाखवणे अवघड असते.

इंडोनेशियातल्या बांका बेटाचेच पाहा. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडण्याच्या बेतात असताना, १२ फेब्रुवारी १९४२ रोजी, ऑस्ट्रेलियन लष्करातल्या ६५ परिचारिका ‘व्हायनर ब्रूक’ या जहाजातून निघाल्या. दोन दिवसांनी जपानी विमानांनी सुमात्राजवळ ते बुडवले. १२ जणी समुद्रातच गेल्या. २२ जणी बांका बेटाच्या एका किनाऱ्यावर लागल्या. १६ फेब्रुवारीला जपानी सैनिकांनी त्यांना पाण्यात चालत जायला लावून मागून गोळ्या घातल्या. त्यांतली एकच वाचली, व्हिव्हियन बुलविंकेल. कमरेजवळ गोळी आरपार गेलेल्या अवस्थेत ती एका जखमी ब्रिटिश सैनिकाची शुश्रूषा करत सुमारे बारा दिवस जंगलात लपून राहिली आणि अखेर शरण आली. शरण येताना गणवेशावरचे गोळीचे भोक कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तिने पाण्याची बाटली त्यावर येईल अशी खांद्याला अडकवली होती.

छावणीत तिला आपल्या ३१ सहकारी भेटल्या. तिने काय घडले ते सांगितले, आणि त्या सगळ्यांनी ठरवले की यातला एक शब्दही पुन्हा उच्चारायचा नाही, कारण एक साक्षीदार जिवंत आहे हे जपान्यांना कळले असते तर तिच्याबरोबर इतरांच्याही जिवावर बेतले असते. साडेतीन वर्षे उपासमार, मलेरिया आणि एका छावणीतून दुसरीत हलवाहलव चालू असतानाही हे गुपित फुटले नाही. उपाशी माणसे भांडतात; मूठभर भातासाठी आणि झोपायच्या हातभर जागेसाठी या छावण्यांतही भांडणे झाली. ज्या बाईशी सकाळी कडाक्याचे वाजले, तिचा जीव संध्याकाळी आपल्या तोंडात आहे हे ओळखून गप्प राहायचे, याला मी मैत्री म्हणते. कादंबरीकाराची अडचण अशी, की न बोललेल्या गोष्टीचा प्रसंग रचता येत नाही. मग तो बिचारा दोघींना चांदण्यात बसवून मन मोकळे करायला लावतो.

पुढे टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणासमोर डिसेंबर १९४६ मध्ये बुलविंकेलने साक्ष दिली. पण बांकावर कैद झालेल्या ३२ जणींपैकी तोवर २४ उरल्या होत्या. आठही मृत्यू १९४५ सालातले. शेवटची परिचारिका १८ ऑगस्टला गेली, म्हणजे जपानने शरणागती जाहीर केल्यानंतर तीन दिवसांनी, आणि ती बातमी तेव्हा छावणीपर्यंत पोहोचलीही नव्हती.

या मैत्रीला दुसरा आधार होता तो कामाचा. फिलिपिन्सची राजधानी मनिला इथल्या सांतो तोमास छावणीत अमेरिकन लष्कराच्या परिचारिका होत्या, आणि त्यांच्या प्रमुख मॉड डेव्हिसन यांनी कैदेतही सगळ्यांना रुग्णसेवेच्या कामाच्या पाळ्या लावल्या. अन्न घटत गेले तशा पाळीला उभ्या राहणाऱ्या बायका स्वतःच रोगी दिसू लागल्या, तरी कामाची पाळी कुणी चुकवली नाही. फिलिपिन्समध्ये पकडलेल्या अमेरिकन लष्कर-नौदलाच्या ७७ परिचारिका १९४५ मध्ये एकूण एक जिवंत सुटल्या. याचे सगळे श्रेय पाळ्यांना देणे भाबडेपणाचे होईल. पण आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाच्या आहोत हे ज्यांना रोज ठाऊक असते, त्यांना एकमेकींची सोबत निभावणे सोपे जात असावे. म्हणूनच नवी कादंबरी हातात आली की त्यातल्या परिचारिकांना काही काम आहे का, हे मी आधी पाहते. पुष्कळ पुस्तकांत त्या नुसत्या आठवणी काढत बसतात.

संगीताचा प्रसंग मात्र लेखकांनी कितीही वापरला तरी माझी तक्रार नाही. सुमात्रातल्या पालेमबांगच्या छावणीत नोरा चेंबर्स आणि मिशनरी मार्गारेट ड्रायबर्ग यांनी तीसेक बायकांचा कंठवाद्यवृंद उभा केला. ड्रायबर्ग यांनी स्मरणातून स्वरलिपी लिहून काढल्या आणि २७ डिसेंबर १९४३ रोजी या बायकांनी, हाती एकही वाद्य नसताना, संगीतकार द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतला संथ भाग नुसत्या कंठाने सादर केला. गाण्यात शब्द नव्हते, त्यामुळे डच आणि इंग्रज बायकांना भाषेची अडचण पडली नाही. ड्रायबर्ग स्वतः एप्रिल १९४५ मध्ये वारल्या.

बहुतेक कादंबऱ्या सुटकेपाशी थांबतात, हे मला खटकते. बुलविंकेल आणि तिची कैदेतली मैत्रीण बेटी जेफ्री यांनी युद्धानंतर व्हिक्टोरिया राज्यातली रुग्णालये पालथी घातली, मृत परिचारिकांच्या स्मारक केंद्रासाठी निधी जमवला, आणि त्या केंद्राचा कारभार पुढे जेफ्रीनेच हाती घेतला. बुलविंकेल १९९३ मध्ये सहकाऱ्यांच्या स्मारकाच्या अनावरणासाठी बांका बेटावर परत गेली. कैदेची साडेतीन वर्षे सगळ्यांची लिहून झाली आहेत. या पुढच्या पन्नास वर्षांवर कुणी कादंबरी लिहिली तर मी ती आधी वाचेन.